फिरत्या तबकडीची परीक्षा

भोवरा फिरतो तोवर उभा राहतो. फिरकी सरली की लवंडतो. हवेत फेकायच्या तबकडीचेही तसेच आहे. या तबकडीने दोन संघ खेळतात, त्या खेळाला अल्टिमेट म्हणतात. १९६८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एका शाळेत तो सुरू झाला. आपल्याकडे पुण्या-मुंबईत त्याचे संघ आहेत. प्रत्येक बाजूला सात गडी आणि १७५ ग्रॅमची तबकडी. पंच नसतो, चूक खेळाडूंनीच कबूल करायची असते.

उद्या डोंगरकड्याच्या मुलांना हा खेळ शिकवायचा, तर दोन तबकड्यांतली चांगली कोणती, हे कसे ठरवाल?

आधी तिचे उडणे समजून घेऊ. तबकडी पुढे जाताना हवा खाली लोटते, म्हणून हवा तिला वर उचलते. वेग मंदावला की हा आधार मध्यावर न लागता थोडा पुढे लागतो. न फिरणारी तबकडी मग तोंड वर करून उलटेल. फिरणारी उलटत नाही, हळूहळू एका कुशीला कलते. कड जाड असते ती याचसाठी : कडेला वजन असले की फिरकी टिकते.

आता परीक्षा. सकाळची शांत वेळ निवडा. चिमूटभर भुसा सोडून वारा पाहा. उफणणीत आपण तेच करतो. तबकडी तराजूत घाला, सपाट फरशीवर ठेवून कड वाकली नाही ना ते पाहा. मग एकाच मुलाने दोन्ही तबकड्या आलटून पालटून दहा-दहा वेळा फेकाव्यात. सर्वांत लांबची फेक मोजू नका. आखलेल्या रिंगणात किती पडल्या ते मोजा. झेलणाऱ्या गड्याला भरवसा हवा असतो.

शेवटी फिरकी उलटी करून फेका. कलण्याची बाजू बदलली, तर तो तबकडीचा स्वभाव. दोन्ही वेळा ती एकाच बाजूला गेली, तर दोष वाऱ्याचा किंवा हाताचा. कारण फिरत्या तबकडीची डावी बाजू क्षणात उजवी होते.

गुरुजी, ही मोजणी दोन्ही संघांच्या देखत करा. ज्या खेळाला पंच नाही, त्यात साधनाबद्दल तरी कोणाच्या मनात शंका राहू नये.