सेवेचा संकल्प आणि घर

मुलगा एम्. ए. होऊ लागला म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांस मोठ्या पगाराची स्वप्ने पडू लागतात. त्यात वावगे काही नाही. टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांनी मात्र त्याच सुमारास आईस पत्राने कळविले, की आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सारा वेळ परहितार्थ वेचणार. बोलल्याप्रमाणे ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक झाले. पुढे १८९२ पासून १८९५ साली मृत्यू येईपर्यंत फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. त्यांचा त्याग सर्वश्रुत आहे. त्या माउलीने सोडलेल्या आशेचे स्मरण कोणास होते? आम्हांस वाटते, असा संकल्प मुलगा एकटा करतो, परंतु तो निभावते सारे घर. म्हणून विद्यार्थ्याने तो प्रथम घरी सांगावा, आणि घरानेही शांतपणे ऐकून घ्यावा.