जमिनीचा भाव एजंटला नको, सूची क्रमांक 2 ला विचारा!

बोईसर-तारापूरकडे जमिनीचा भाव म्हणजे बहुधा एजंट सांगेल तो. सातबाऱ्यावर मालक, पीक, बोजा कळतो, किंमत नाही. ती असते खरेदीखताच्या गोषवाऱ्यात, म्हणजे सूची क्रमांक 2 मध्ये. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 57 नुसार ठरलेली फी भरून ती कुणीही पाहू शकतो. नोंदणी विभागाच्या ‘ई-सर्च’वर गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, दस्ताची तारीख समोर येते. वाढवण बंदराची चर्चा असलेल्या पालघरमध्ये हे मोलाचं आहे, कारण 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 26 भरपाई ठरवताना आसपासच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्या दस्तांची सरासरी धरतं.

दस्तात किंमत कमी दाखवतात, हा आक्षेप खरा आहे. पण तशा दस्तांमुळे पुढे शेजाऱ्याचीही भरपाई घटू शकते. नोंदी उघड असल्या तरच हे लक्षात येतं. आदिवासी जमिनीच्या विक्रीवर निर्बंध असल्याने तिथली तुलना जपून करावी. खासगीपणाची काळजी रास्त, तरी एकच जमीन दोघांना विकली जाऊ नये म्हणूनच ही सूची खुली असायला हवी. विसार देण्याआधी ती पाहाच.