कस लावणारा प्रश्न

खामगाव चांदीचं गाव. सराफ काळ्या कसोटीवर दागिना घासतो, रेघ उमटते. पण एकट्या रेघेवरून फारसं कळत नाही. शेजारी शुद्धता ठाऊक असलेल्या धातूची रेघ ओढून दोन्ही ताडून पाहाव्या लागतात. ही दुसरी रेघ फारच उजळ किंवा फारच मळकी निघाली, तर ‘हिच्याहून कमी’ नाहीतर ‘हिच्याहून जास्त’ एवढंच हाती लागतं. डोळ्यांना जवळजवळ सारखी वाटणारी रेघ सापडली, की खरा कस कळू लागतो.

एमबीएच्या प्रवेशपरीक्षेतला प्रश्न म्हणजे ही दुसरी रेघच! डेन्मार्कचे गणिती जॉर्ज रॅश यांनी १९६० साली मांडलं, की उत्तर बरोबर येण्याची शक्यता विद्यार्थ्याची कुवत आणि प्रश्नाची काठिण्यपातळी यांच्यातल्या फरकावर ठरते. त्यातून निघणारी गंमत अशी, की जो प्रश्न सुटण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तोच तुमच्याबद्दल सगळ्यांत जास्त सांगून जातो. हमखास येणारा प्रश्न गप्प असतो, अजिबात न येणाराही गप्पच.

१९९७पासून जीमॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा संगणकावर याच युक्तीने चालते: आधीची उत्तरं पाहून पुढचा प्रश्न निवडला जातो. प्रत्येक प्रश्नाने शंका निम्मी झाली, तर चौसष्ट पायऱ्यांमधली तुमची पायरी सहा प्रश्नांत सापडेल. माणसं चुकतात आणि अंदाजाने उत्तर ठोकूनही देतात, म्हणून प्रत्यक्षात प्रश्न बरेच जास्त लागतात. तरीही मला याचं नवल वाटतं.

आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीत मात्र संगणक असा निवडून देत नाही. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. निवडीचं काम बुलढाण्याच्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलीलाच करावं लागतं. जाडजूड प्रश्नसंच पहिल्या पानापासून सोडवत सुटलं, की गप्प प्रश्नांतच दिवस जातात. त्यापेक्षा उत्तर तपासण्याआधी समोर खूण करावी: खात्री, शंका, अंदाज. शंकेचा ढीग हाच खरा सराव. त्यात घड्याळही धरायचं, कारण तीन मिनिटांत हमखास सुटणारं गणित ४५ सेकंदांत निम्म्या-निम्म्यावर येतं.

एक प्रश्न देतो. जीमॅटमध्ये या घाटाचे प्रश्न असतात. उत्तर काढायचं नसतं, माहिती पुरते का एवढंच सांगायचं असतं. शेगावहून निघालेली एसटी कुठेही न थांबता खामगावला किती वाजता पोचेल? विधान एक: दोन्ही गावांमधलं अंतर दिलं आहे. विधान दोन: गाडीचा सरासरी वेग दिला आहे.

‘दोन्ही मिळून पुरतात’ म्हणालात? गाडी सुटली किती वाजता?