ट्रेलरमध्ये काहीही ठोकण्याआधी वजनाचा हिशेब

मेमोरियल डेचा लाँग वीकेंड जवळ आला, की ज्यांच्या ड्राइव्हवेवर ट्रॅव्हल ट्रेलर उभा असतो त्यांच्याकडे शनिवार-रविवारी ड्रिलचा आवाज सुरू होतो. मसाल्याच्या बरण्यांसाठी फळी, मुलांच्या बंकखाली खण, मागे सायकलींचा रॅक, एखादी जादा बॅटरी. हौस उत्तम आहे, आणि इथले मजुरीचे दर पाहता स्वतःच करणं शहाणपणाचंही आहे. फळी कशी ठोकायची हे दाखवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, म्हणून आज आपण फक्त वजनाबद्दल बोलू. घरात चुकीच्या जागी लावलेलं कपाट फार तर डोळ्यांना खुपतं. ट्रेलरमधलं कपाट मात्र हायवेवर आपल्या मागे धावत असतं, आणि पुढच्या गाडीत मुलं बसलेली असतात.

ट्रेलरच्या दाराजवळ पिवळा स्टिकर असतो. आत जास्तीत जास्त किती पौंड सामान भरता येईल, तो आकडा त्यावर लिहिलेला असतो. समजा तो 1,100 आहे. ऐकायला भरपूर वाटतं. पण टाकीतलं पाणीही सामानातच धरायचं असतं, आणि एक गॅलन पाणी म्हणजे 8.3 पौंड. 40 गॅलनची टाकी भरली की 330 पौंड तिथेच गेले. मग कपडे, खुर्च्या, तांदळाची पिशवी, कुकर, बिडाचा तवा, आणि डोशांशिवाय सुट्टी न होणाऱ्या घरांत वेट ग्राइंडरसुद्धा! आपण नंतर बसवलेल्या फळ्या, खण, बॅटऱ्या, सोलर पॅनल यांतलं काहीच त्या स्टिकरला माहीत नसतं. ते आपणच वजा करायचं.

एकूण वजनापेक्षाही महत्त्वाचं आहे ते वजन कुठे बसलं आहे. हिचच्या गोळ्यावर ट्रेलरचं तोंड जितक्या वजनाने टेकतं, त्याला टंग वेट म्हणतात. साधारण नियम असा, की भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार तिथे हवा. तो कमी झाला की शेजारून मोठा ट्रक गेल्यावर किंवा उतारावर वेग वाढल्यावर ट्रेलरची शेपटी डोलायला लागते, आणि एकदा जोरात डोलायला लागली की पुढची गाडीही सोबत ओढली जाते.

हे सगळं सी-सॉसारखं आहे, मधला टेकू म्हणजे चाकांचा ॲक्सल. एक उदाहरण घेऊ. भरलेला ट्रेलर 5,800 पौंडांचा, टंग वेट 620, म्हणजे 10 टक्क्यांच्या थोडं वर. सगळं ठीक. आता मागे रॅक लावला आणि सायकली चढवल्या, मिळून 140 पौंड. रॅक ॲक्सलच्या 10 फूट मागे आहे आणि हिच 14 फूट पुढे. 140 ला 10 ने गुणा, 14 ने भागा: पुढचा भार बरोबर 100 पौंडांनी उचलला गेला. आता टंग वेट 520 आणि ट्रेलर 5,940 पौंडांचा. म्हणजे पावणेनऊ टक्के. फक्त सायकलींनी! शिवाय पुष्कळ ट्रेलरचा मागचा चौकोनी बंपर पातळ पत्र्याचा असतो, सांडपाण्याचा होज ठेवण्यापुरता. सायकली पुढच्या गाडीच्या टपावर किंवा ट्रकच्या हौद्यात न्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

हलकी वस्तू बसवूनसुद्धा हा तोल बिघडू शकतो. 100 ॲम्पिअर-अवरची जुनी लेड-ॲसिड बॅटरी साधारण 60 पौंडांची, तेवढीच लिथियम त्याच्या निम्म्या वजनाची. या बॅटऱ्या बहुधा अगदी पुढे, हिचजवळ असतात. दोन बदलल्या की पुढचे जवळजवळ 60 पौंड गेले. लिथियम घ्याच, पण नंतर पुन्हा वजन करा. आणि जुना चार्जर लिथियमला चालतो का ते आधी पाहा. या बॅटऱ्या पाणी गोठेल अशा थंडीत चार्ज करायच्या नसतात, हेही लक्षात असू द्या.

वजन करायचं कुठे? मोठ्या ट्रक स्टॉपवर काटा असतो, थोड्या डॉलरांत पावती मिळते. सगळी मंडळी आणि सगळं सामान गाडीत असताना, ट्रेलर जोडून एकदा वजन करा. मग ट्रेलर बाजूला सोडून, तीच माणसं बसवून, फक्त गाडीचं करा. जोडलेला असताना गाडीच्या दोन्ही ॲक्सलवर जेवढं वजन जास्त आलं, तेवढं तुमचं टंग वेट. हे वजन गाडीच्या पेलोडमध्येही धरायचं असतं. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर सापडेल. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्यासकट मोजा. वेट डिस्ट्रिब्युशन हिच असेल, तर ही दोन्ही वजनं करताना त्याचे बार सोडून ठेवा, नाहीतर आकडा चुकतो.

मग स्वयंपाकघराचं काय? जड भांडी खाली आणि ॲक्सलच्या आसपास; वरच्या कपाटात पापड, पोहे, चहापत्ती. भिंती पातळ प्लायच्या असतात, स्क्रू नुसत्या प्लायमध्ये टिकत नाही. आतली चौकट कुठे आहे ते शोधून तिथेच मारा, आणि मागून वायर जात नाही ना याची खात्री करून. छतावरचा व्हेंट बहुतेक 14 इंच बाय 14 इंचाचा असतो, त्या जागी पंख्यावाला व्हेंट बसतो. वजन नगण्य आणि कुकरची वाफ, फोडणीचा ठसका दोन्ही बाहेर. फक्त त्याभोवतीचं सीलंट नीट भरा, आणि दर सहा महिन्यांनी शिडी लावून बघत जा.

एक छोटी गोष्ट राहिली. दारापाशी चपलांचा रॅक बसवणार असाल तर आधी खाली वाकून पाहा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत लावलेला असतो. चपला त्याच्यासमोर येऊ देऊ नका.