मुदुमलईची झाडगणती

ऐन, नाणा, धावडा, साग. तमिळनाडूत मुदुमलईच्या जंगलात शिरले की मराठी माणसाला झाडे ओळखीचीच भेटतात. त्यातल्या ५० हेक्टरांवर मात्र प्रत्येक झाडाला क्रमांक आहे. एक किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद असा हा तुकडा १९८८ साली आखला गेला. काम बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील परिसरशास्त्र केंद्राचे, नेतृत्व हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार यांचे. हे केंद्र उभे केले होते पुण्याच्या माधव गाडगीळांनी.

रीत पनामाची. तिथल्या बारो कोलोरॅडो बेटावर स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० मध्ये असाच तुकडा निवडला. नियम सोपा, पाळायला जिकिरीचा: जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाचा व्यास एक सेंटिमीटर भरला की ते झाड यादीत घ्यायचे. पनामात अशी दोन लाखांहून अधिक झाडे निघाली, जाती सुमारे ३००. मुदुमलईत झाडे पंचवीस हजारांच्या आसपास आणि जाती सत्तरेक. आकडे पाहून आपले जंगल गरीब वाटेल, पण पानगळीच्या या रानात पाहण्यासारखे खरे ते वणवे आणि हत्ती.

वारंगाचेच घ्या. पहिल्या गणतीत हे झाड इथे अगदी मुबलक होते. हत्तींना त्याची तंतुमय साल आवडते; ते साल सोलतात, फांद्या मोडतात, कोवळी झाडे आडवी करतात. मुरुडशेंगही त्यांच्या खाण्यातली. त्यात सुरुवातीच्या काही वर्षांत वणवे पुन्हा पुन्हा लागले. थोराड झाडे बहुतेक तगली, बारीक खोडे जळाली आणि वारंगाची संख्या झपाट्याने कोसळली. एकदाच मोजून परतणाऱ्याने वारंगाला या जंगलातले भरभराटीचे झाड म्हणून नोंदवले असते. इथे कोण जगले, कोण मेले, कोण नव्याने यादीत आले हे दरवर्षी पाहतात. घेर दर चार वर्षांनी मोजतात. दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या आपल्या संशोधनात असली चिकाटी विरळाच. शिवाय हत्तींच्या वाटेवर टेप घेऊन फिरायचे, हा भाग शोधनिबंधात फारसा येत नाही.

तरीही ५० हेक्टर म्हणजे हत्तीच्या दृष्टीने काहीच नाही. त्याचा वावर शेकडो चौरस किलोमीटरांचा. एका तुकड्यातून त्याचे पूर्ण वागणे कसे कळणार? पाऊसही सगळीकडे सारखा नाही. मुदुमलईच्या पूर्वेला काटेरी झुडपांचे कोरडे रान, तर पश्चिमेकडे पाऊस वाढत जातो तशी झाडी दमट होत जाते. म्हणून संशोधकांनी या चढत्या पावसाच्या पट्ट्यात एक-एक हेक्टरचे आणखी तुकडे आखले. एकाच जातीचे झाड कोरड्यात किती वाढते आणि ओल्यात किती, हे त्यामुळे शेजारी ठेवून पाहता येते.