कोणती बोटं बधिर होतात? दबलेल्या नसेची गोष्ट

तुमच्यातले अर्धे जण हा भाग लोकलमध्येच ऐकत असणार. तर आधी एक काम करा. ज्या हातात फोन धरलाय, त्याचं कोपर किती वाकलंय ते बघा.

माझं पार दुमडलेलं असायचं. वसई रोड ते चर्चगेट साधारण ५२ किलोमीटर, तास-सव्वा तास. एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हातात फोन छातीशी, कारण विरार लोकलमध्ये हात लांब करायला जागा असते कुठे? दोन-तीन महिन्यांनी करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. घरात निदान तयारच होतं, "मानेची नस दबली." मीही शहाणा, केस कापायला गेलो तेव्हा मान कडकन मोडून घेतली. बोटांना काडीचा फरक नाही. मग एके दिवशी दाराच्या कुलपात चावी फिरेना. चिमटीत जोरच नव्हता. तेव्हा मात्र टरकलो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "नेमकी कोणती बोटं?"

खरी मेख इथेच आहे. नस मणक्यातून निघून बोटांपर्यंत जाते आणि वाटेत तिला काही अरुंद गल्ल्या लागतात. ती कुठल्या गल्लीत चेपली, त्याचा पत्ता बोटं सांगतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर आणि त्रास रात्री जास्त, तर बहुतेक मनगट. त्याला कार्पल टनेल म्हणतात. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची अर्धी बाजू, तर बहुतेक कोपर. टेबलाच्या कडेला कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ती अल्नर नस. कोपर वाकलं की ती ताणली जाते आणि तिची जागाही आवळते. मानेतली कळ मात्र खांद्यावरून हातात उतरते, मान वळवली की वाढते. कमरेतली पायात गेली की सायटिका.

माझी कोपरातली निघाली. मान उगाच मोडून घेतली! आणि हे हसण्यावारी नेऊ नका. अशा झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघात.

उपचार काय? नस किती वेगाने विजेचा संदेश नेते ते मोजणारी चाचणी झाली. मग रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळून झोपायचं, म्हणजे ते वाकत नाही. कोपर खिडकीच्या कडेवर टेकवायचं नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. बस. कार्पल टनेलला रात्री मनगटाचा पट्टा असतो. मान-कमरेच्या बाबतीत बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. पूर्ण झोपून राहण्यापेक्षा झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहिलेलं चांगलं. स्वतःहून एमआरआय काढायला धावू नका. काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या मुलांमध्येही साधारण ३० टक्क्यांच्या कमरेच्या एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते. रिपोर्ट वाचूनच माणूस आजारी पडायचा.

पण ताकद जायला लागली, तर थांबायचं नाही. इजा झालेली नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. कोपर ते पंजा साधारण ३० सेंटिमीटर, हिशेब तुम्हीच करा. तोवर स्नायू वाट बघतीलच असं नाही. पाऊल लटकं पडायला लागलं, चालताना तोल जायला लागला, तर लगेच डॉक्टर गाठा. आणि कमरेच्या दुखण्यासोबत लघवी अडली, नकळत व्हायला लागली किंवा दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल.

माझी पकड परत यायला चार महिने लागले. करंगळीचं टोक अजून थोडं बथ्थड आहे. आता फोन खिशात, कानात इयरफोन, हात सरळ. रील बघणं सुटलं आणि पॉडकास्ट ऐकायला लागलो, त्याचं खरं कारण हे!