आपल्या गिरणीत आकाशाचं दळण

घरचा कॉम्प्युटर चालू असतो तेव्हा बहुतेक वेळ काय करतो? आपली वाट बघतो. आपण एक ओळ टाइप करेपर्यंत तो रिकामाच, पण वीज खातच असतो. मैत्रिणींनो, स्क्रीनसेव्हरची मासोळी फिरत असली तरी वीज वाचत नाही बरं!

या रिकामपणाचा उपयोग करणारा 'आइन्स्टाइन ॲट होम' हा उपक्रम २००५ साली सुरू झाला. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायला अमेरिकेत लायगो वेधशाळा आहेत. तिथे माहितीचा एवढा ढीग जमतो की त्याची गणितं घरोघरच्या कॉम्प्युटरना तुकड्यांनी वाटून देतात. 'बॉइंक' नावाचं फुकट सॉफ्टवेअर घातलं की झालं. पुढे रेडिओ दुर्बिणीची माहितीही अशीच वाटली, आणि २०१० साली त्यातून एक नवा पल्सार तारा सापडला! तो दिसला आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या कॉम्प्युटरवर. आपल्या मराठवाड्यातही औंढा नागनाथजवळ अशीच लायगो वेधशाळा होते आहे; २०२३ मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली.

माझ्या मुलाने हे सिडकोतल्या आमच्या घरी सुरू केलं. "आई, यात विजेची बचत आहे," म्हणाला. बचत कशी? तर गिरणी चालूच आहे, तीत शेजारणीच्या दोन पायल्या दळून दिल्या तर वीज थोडी जास्त लागेल, पण दुसरी गिरणी लावावी लागणार नाही. पटलं. पण त्यासाठी रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवायचा हे काही पटेना. कामाला जुंपलेला डेस्कटॉप समजा १२० वॉट घेतो. दहा तासांत सव्वा युनिटाच्या आसपास, महिन्याला ३६ युनिटं! शंभर युनिटं ओलांडली की दरही चढतो. ही कसली बचत? बिल मी भरते, त्यामुळे निकालही मीच दिला.

त्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ ठरवून देता येते, आणि प्रोसेसरचा किती भाग द्यायचा तेही. आता मुलगा अभ्यासाला बसतो त्या संध्याकाळच्या तीन तासांत निम्मा भाग आकाशाला. तो उठला की बटण बंद, मॉनिटरचंसुद्धा.

एप्रिल-मेमध्ये मात्र संपूर्ण सुट्टी. जर्मनीत थंडीत कॉम्प्युटरची ऊब खोलीला कामी येत असेल. आपल्याकडे पारा चाळिशीपार असताना ती बाहेर घालवायला वर कूलर लावावा लागतो!